शक्कर निघाली

आमच्या आईला साखरेचा आजार झाला तो नेमका कंट्रोलच्या दिवसांत, आणि सगळा घोळ तिथंच झाला. थोडा आधी झाला असता किंवा थोडा नंतर, तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण आमच्या घरात कुठली गोष्ट धड वेळेवर झालेली मला आठवत नाही. मी स्वतः ऐन ज्वारीच्या काढणीत जन्मले, आणि ते आई मला मी आजी होईपर्यंत ऐकवत होती.

निजामाचं राज्य होतं, तिकडं कुठंतरी लढाई चाललेली, आणि इकडं आमच्या गावात, बेंबळीत, साखर दिसेनाशी झालेली. कुपनावर मिळायची ती एवढीशी, तीही मळकी. कुणाच्या लग्नात साखरेचं काही वाढलं तर गाव वर्षभर त्या लग्नाचं नाव काढायचं. कुणाच्या कोठीत लपवलेलं पोतं सापडलं तर सरकारी माणसं पोतं नेत आणि मालकालाही नेत. ‘शक्कर’ हा कचेरीचा शब्द, पण तो सगळ्यांच्या तोंडी बसला होता. शक्कर म्हणलं की लोक कान टवकारायचे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दानं केलं.

मी तेव्हा पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. रोज कुठल्या ना कुठल्या घरातून माझ्यासाठी गोडाधोडाचं ताट यायचं, गुळाचं का असेना. आई अंगानं भरलेली आणि आवाजानं त्याहून भरलेली. तिच्या मानेवर मागच्या बाजूनं एक काळपट, मऊ पट्टा होता. तिच्या आईला होता, मावशीलाही होता. आई त्याला मळ समजायची. न्हाताना काथ्यानं मान घासायची, घासून घासून मान सोलवटायची, पण काळी ती काळीच. वर मला म्हणायची, "तुझी बी सुरू झाली बघ. न्हाताना ध्यान कुठं आसतं तुझं?"

आता माझी नात डॉक्टर आहे. ती म्हणते, आजी, तो मळ नव्हताच. अंगात इन्सुलिन म्हणून एक रस असतो, रक्तातली साखर जिथल्या तिथं पोचवायचं काम त्याचं. काही बायकांचं अंग त्याचं ऐकतच नाही. मग अंग तो रस आणखी करतं, आणखी करतं, शेवटी थकतं, आणि साखर रक्तात तशीच फिरत राहते. मान काळी पडणं ही त्याची आधीची खूण. मी म्हणलं, बाई गं, आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकलंय कधी? आईचं अंगही आईसारखंच निघालं, एवढंच.

त्या उन्हाळ्यात आईला तहान लागायला लागली. साधी नाही, लई. दुपारपर्यंत माठ रिकामा, की पुन्हा भर. "उष्णता झालीया," आई म्हणाली, आणि उष्णतेवर तिचं औषध ठरलेलं, गुळाचं पाणी. जितकी तहान तितकं गुळाचं पाणी, आणि जितकं गुळाचं पाणी तितकी तहान. असं तिचं चालू होतं, आणि आम्ही सगळे हौसेनं गूळ फोडून देत होतो.

त्यातच टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम भरेना. हळद झाली, लिंबाचा पाला झाला, एरंडाचं पान झालं. जखम उलट वाढत चालली. तिला दुखत मात्र नव्हतं, आणि आम्हाला वाटायचं, दुखत नाही म्हणजे बरंच आहे की! काय अक्कल होती आमची. शेवटी पाय सुजला, चप्पल चढेना, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावचे पाटील ते, गाडी जुंपली आणि तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. सोबत शेजारची काकू गेली, माझ्या आईची चुलत जाऊ. तिला बांगड्या भरायच्या होत्या म्हणे. खरं म्हणजे काकूशिवाय गावात कुणाची गाडी हलायचीच नाही.

मी काही गेले नव्हते. पण आई आणि आप्पा, दोघांनी दोन तऱ्हांनी ते इतक्यांदा सांगितलंय की मी तिथंच उभी होते असं मला वाटतं.

डॉक्टर म्हातारे, हैदराबादकडचे, लई अदबीचे. बाईमाणसासमोर नको तो शब्द कसा काढायचा, म्हणून त्यांनी आप्पांना विचारलं, "बाईसाब का कारूरा लाए?"

आप्पांचा जन्म कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यात गेलेला. कुठंही गेलं की कसला तरी कागद मागतातच. त्यांनी ऐकलं ‘करार’. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी शेत बटईनं दिल्याचा करार काढला आणि डॉक्टरांच्या पुढं धरला. डॉक्टरांनी तो उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "ये नहीं साब, कारूरा." आप्पा म्हणाले, "साब, यही आखरी है. बाकी के तहसील में हैं." शेवटी कंपाउंडर आप्पांच्या कानाला लागला, की कारूरा म्हणजे तपासायची लघवी. आप्पांचे कान लाल झाले, आणि त्यांनी बाटली आईच्या हातात देऊन तोंड भिंतीकडं केलं.

आई म्हणाली, "बाटलीत? आता ह्या वयात नेम धरायचा व्हय म्या?"

धरला कसाबसा. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात चार थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, आणि शेवटी विटेसारखं तांबडं झालं. डॉक्टर एकदम मोठ्यानं म्हणाले, "या अल्ला, शक्कर निकली! बहोत शक्कर निकली!"

पडद्याच्या पलीकडं काकू बसली होती. तिला उर्दू येत नव्हतं. पण तेवढं एक वाक्य तिला अगदी स्वच्छ कळलं.

पुढचं तिनं ऐकलं नाही, कारण ते डॉक्टर हळू बोलले. गूळ बंद, साखर बंद, भात बंद. भाकरी मोजकी, भाजी आणि ताक पोटभर. पाय कोरडा ठेवायचा, अनवाणी उंबरा ओलांडायचा नाही. "मुँह नै संभाला तो पाँव काटना पडेगा," ते म्हणाले. आप्पांनी आईला सगळं मराठीत सांगितलं, हे तेवढं गाळलं. पण ‘काटना’ कळायला कुणाला शाळेत जावं लागतं? आई सगळ्या वाटेनं पायाकडं बघत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसले होते, तर पहिली बाई वाटी घेऊन आली.

"आक्का, वाटीभर शक्कर द्या की. नातवाचा घसा बसलाय."

आई म्हणाली, "आगं, माझ्याकडं कुठली शक्कर?"

"आसू द्या, आसू द्या. आमी काय कुणाला सांगतोय व्हय?" असं म्हणून बाईनं डोळा मिचकावला आणि वाटी तिथंच ठेवून गेली. मग दुसरी आली. मग तिसरी मोठा गडवा घेऊन आली. चौथीनं पदराखालून पातेलंच काढलं. आईला आधी काही कळेना. कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली.

"आगं बायांनो, शक्कर हाय माझ्याकडं, पर ती तसली न्हाय!"

"मग कसली? खडी हाय का?"

आता काय सांगणार? सांगायचं म्हणजे शक्कर कुठून निघाली तेही सांगायला हवं. आणि माझी आई अशी, की कुणाचं पोट बिघडलं तरी ‘परसाकडं’ हा शब्द काढायलासुद्धा इकडंतिकडं बघायची. वाट्यांची रांग तशीच ओसरीवर राहिली.

गोष्ट पसरत पसरत सरकारपर्यंत गेली. एक दिवस गिरदावर, म्हणजे महसुलाचे साहेब, आले, दोन जवान घेऊन. आप्पा त्यांना बैठकीत बसवून गयावया करायला लागले. मी दाराआड होते, म्हणून हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"साब, शक्कर हमारे घर में नै है."

"पूरा गाँव बोल रहा है."

"साब, वो हमारी घरवाली में है."

"घरवाली के पास है?"

"पास नै साब. अंदर है."

"अंदर कहाँ?"

आप्पांनी घाम पुसला. "अंदर मतलब... अंदर."

गिरदावर जवानांकडं वळून म्हणाले, "सुना नै? अंदर देखो."

मग काय, आतलं घर उलथंपालथं झालं. उतरंडी खाली आल्या, वाकळा झटकल्या, धान्याच्या पेवात माणूस उतरला. माझ्या बाळंतपणासाठी जमवलेला डिंक आणि हळीव सगळ्यांनी हुंगून बघितलं. शक्कर काही निघाली नाही. निघाली नाही म्हणल्यावर तर गावाची खात्रीच पटली, की पाटलीणबाई भलतीच पोहोचलेली, कुठं दडवलीया ते सरकारलाही सापडेना.

इथपर्यंत मीही हसत होते. पोट धरून हसायचं म्हणलं तर पोटही हाताशी होतं. पण मग ते सुरू झालं, आणि माझं डोकं फिरलं.

आईनं डॉक्टरचं ऐकायचं ठरवलं होतं. पहिले काही दिवस गुळाच्या पाण्याला हात लावला नाही, बिचारी ताक प्यायची आणि माझ्या ताटाकडं बघायची. पण बारशाला गेली, तिथं शिरा नको म्हणाली, तर काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "घरी पोतं आसल्यावर आमची शक्कर कशाला गोड लागंल जाऊबाईला!" सगळ्या हसल्या. आईनं ताट ओढलं आणि शिरा खाल्ला. देवीच्या आरतीला गेली, तिथंही तेच. हळदीकुंकवाला तेच. कुणी काही म्हणू नये म्हणून ती दोन घास जास्तच खायची. आणि पाय पुन्हा सुजायला लागला. पट्टी सोडली की वास यायचा.

मी म्हणलं, "आई, सांगून टाक की! चारचौघींत एकदाच सांग, आजार हाय म्हणून."

"कसला आजार म्हणून सांगू? लुगड्याच्या आतलं गावाला सांगायचं व्हय?"

"मग पाय तोडून घेणार?"

"त्यो माझा पाय हाय," आई म्हणाली. "आणि आब्रू बी माझी हाय."

मी भाकरीची परात आपटली. मला तिचा राग आला होता, आणि तिच्या जिवाची भीती वाटत होती, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा माणूस भांडी घासतं. मी घरातली सगळी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

माझं डोहाळजेवण त्याच आठवड्यात होतं. सगळा गाव लोटला. एरवी एवढ्या बाया आल्या नसत्या, पण पाटलीणबाई लेकीच्या डोहाळजेवणाला तरी शक्कर बाहेर काढणार, असा सगळ्यांचा अंदाज. मला हिरवी साडी नेसवून, फुलांच्या वाड्या घालून पाटावर बसवलं. समोर ताटात पुरणपोळी आणि गुळवणी. शक्कर नाही बघून बायांची तोंडं उतरली. आई लंगडत लंगडत वाढत होती.

काकू उठली, पोळीचा मोठा घास गुळवणीत बुडवला आणि आईच्या तोंडाशी नेला. "घ्या जाऊबाई, लेकीच्या नावानं. का आमच्या हातचा गूळ बी चालत न्हाय?"

आईनं तोंड उघडलं. मला तिची टाच दिसत होती, पट्टीवर ओल आलेली.

तेवढ्यात एका आजीनं मला रीतीप्रमाणं विचारलं, "सांग गं पोरी, काय खावंसं वाटतंय? काय डव्हाळं लागलंत?"

आता आमच्याकडं ती रीत कडक. त्या दिवशी गरोदर बाईनं जे मागितलं ते द्यायचंच. डोहाळा अडला तर लेकराचे कान फुटतात. आईचा त्यावर देवापेक्षा जास्त विश्वास.

मी म्हणलं, "मला खायला काय नको. डॉक्टरनं तुला काय सांगितलं, ते तू आत्ता, हितं, ह्या सगळ्यांसमोर सांगायचं. ह्योच माझा डव्हाळा."

काकूचा हात घासासकट हवेतच राहिला. आई माझ्याकडं अशी बघत होती की मी पाटावर नसते तर एक ठेवून दिली असती.

"दुसरं काय बी माग," ती म्हणाली.

"दुसरं काय बी नको."

"आगं, लाज धर."

"कान फुटतील लेकराचे," मी म्हणलं.

आईनं घाम पुसला, पदर सारखा केला, दाराकडं बघून गडीमाणूस नाही ना याची खात्री केली. आणि मग तिचा मूळचा आवाज सुटला, तो शेतापलीकडं ऐकू जाणारा.

"माझ्या मुतात शक्कर हाय! कळलं का? मुतात! घ्या आता, कुणाकुणाला वाटीभर पायजे?"

मग ती म्हातारी आजी फिस्सकन हसली, आणि मग सगळं घर हसायला लागलं. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, कुणाचं नाक वाहत होतं, कुणी हसता हसता रडत होती. त्या दिवशी सगळ्यांत आधी वाटी ठेवून गेलेली बाई मुकाट्यानं उठली आणि ओसरीवरची आपली वाटी घेऊन आली, त्यावर तर आणखीच. शेवटी आईही हसली.

हसून दमल्या तेव्हा आजीनं आईला जवळ बोलावलं. "तुला लई तहान लागती का गं?"

"लागती की."

"आणि सारखं उठावं लागतं?"

"व्हय."

"मला बी," आजी म्हणाली. "म्या म्हणलं वय झालं."

मग कोपऱ्यातून एक तरणी बाई म्हणाली, तिचं पहिलं लेकरू इतकं मोठं निघालं होतं की सुईण घाबरली, आणि तेव्हापासून तिला खाज काही सोडत नाही. आणखी एकीनं पायाला मुंग्या येतात म्हणून सांगितलं. मग काकूनं तो घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या मोरीत मुंग्या लागत्यात. म्या म्हणलं, सून गूळ सांडती. रोज शिव्या घालते मी तिला."

त्या दिवसापासून आईला कुणी घास भरवला नाही. उलट तिनं चुकून गुळाकडं बघितलं तरी चार बाया ओरडायच्या. तिला डॉक्टरनं परत बोलावलं होतं, तेव्हा गाडी भरून बाया निघाल्या, प्रत्येकीच्या पदराखाली एक बाटली. नाक्यावरच्या जवानाला शिंदीची दारू असल्याचा संशय आला. त्यानं एका बाटलीचं बूच काढून जोरात वास घेतला, आणि दुसऱ्या बाटलीला हात लावला नाही. मला आठवा लागला होता, पण आईनं मलाही गादी टाकून गाडीत घातलं. "माझ्या आईला ह्योच आजार आसणार, मला हाय," ती म्हणाली, "हिचं बी बघा."

डॉक्टरांनी आधी आईचा पाय बघितला. दाबला, हुंगला, कडा बघितल्या. जखम सुकायला लागली होती. "पाँव बच गया बाईसाब," ते म्हणाले. आईनं डॉक्टरांना तिथंच हात जोडले. मग एकेक नळी दिव्यावर धरली गेली. आजीची तांबडी झाली, काकूची पिवळी. बाकीच्यांच्या निळ्याच राहिल्या, आणि त्या मागं सरून एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

माझी हिरवी झाली.

डॉक्टरांनी आप्पांना समजावून सांगितलं. थोडी आहे. पोटुशीपणात अशी दिसते, बाळंतपणानंतर जातेही. पण जिच्यात अशी दिसते तिला पुढं कधीतरी हा आजार गाठतो, म्हणून आत्तापासून जपायचं. गोडाची ताटं बंद. लेकराच्याही जिवाला बरं नाही ते. मी तिथंच रडायला लागले. मला आजाराचं काही वाटत नव्हतं. मला वाटलं, आता सासरी कळणार, आणि माझ्या लेकराला काही झालं तर सगळे मलाच बोल लावणार. मी आईला म्हणलं, "कुणाला सांगू नको. तुला माझी आण हाय."

सगळी वाट आईनं माझा हात धरून ठेवला, पण हो म्हणाली नाही. गाडी बेंबळीत शिरली तेव्हा दिवस मावळायला आलेला, पारावर गडीमाणसं बसलेली, आणि वाटेच्या कडेला एक शेजारीण माझ्यासाठी झाकलेलं ताट घेऊनच उभी होती. "पोरीसाठी पुरणपोळी केलीया," ती म्हणाली.

आईनं गाडी थांबवायला लावली. त्या सुजलेल्या पायावर ती गाडीत उभी राहिली, एका हातानं गाडीचं साटं धरून. मला कळलं ती काय करणार, आणि मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात झटकला.

"ऐका सगळ्यांनी!" ती पाराकडं तोंड करून ओरडली. "माझ्या लेकीच्या मुतात शक्कर हाय! तिला कुणी गोडाचं ताट आणायचं न्हाय!"

पारावरच्या गडीमाणसांनी माना खाली घातल्या. आप्पा बैलांच्या शेपटाकडं बघत बसले. आणि माझी आई, जिनं जन्मात कधी पारासमोरून डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तिनं तेच पुन्हा एकदा ओरडून सांगितलं, कारण मागं बसलेल्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं.